उजव्या झडपेचा मोर

अण्णा,

तुमच्या शेडला कुलूप लावायचं नाही, असं अक्कांनी सगळ्यांना बजावलंय. म्हणून मी इथेच बसून लिहिते आहे, तुमच्या त्या स्टुलावर, ज्याचा एक पाय आखूड आहे आणि जो तुम्ही शेवटपर्यंत दुरुस्त केला नाहीत. कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे करण्यात ज्याची हयात गेली, त्याच्या स्टुलाचा पाय आखूड! मी चिडवलं की म्हणायचात, "डुलत बसलं की डोकं चालतंय पुट्टी. तू बी डुल की स्वल्प." पुट्टी म्हणजे कानडीत चिमुरडी. मी तुमच्यापेक्षा चांगली हातभर उंच, तरी पुट्टीच.

तुम्ही जाऊन महिनाही झालेला नाही. भेटायला येणारे तुमच्याबद्दल बोलतात ते ऐकून वाटतं, हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय. स्वभाव शांत होता म्हणे. कधी कुणाशी वाद नाही म्हणे. अहो, एका स्क्रूवरून तुम्ही माझ्याशी आठवडाभर अबोला धरला होतात! जिन्यात भेटलो तरी नारळाच्या झाडाकडे बघत जायचात. मला तो भांडकुदळ माणूस परत हवाय. शांत अण्णा त्यांचे त्यांना लखलाभ.

मी नागपूरहून नोकरीसाठी बंगलोरला आले आणि राजाजीनगरातल्या तुमच्या घराची वरची खोली भाड्याने घेतली. तुमचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून इकडे आले आणि परत जायचं विसरले, असं तुम्ही सांगायचात. त्यामुळे तुमची मराठी अशी, की क्रियापद आमचं आणि बाकीचं शेजारणीकडून उसनं. पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात, "पाणी सकाळी स्वल्पच येतंय, भरून ठेव, सरी का?" सरी म्हणजे ठीक, हे मला नंतर कळलं. मी म्हटलं, "हो जी." ते 'जी' ऐकून तुम्ही आत बायकोला हाक मारलीत, "अगं ये की भाईर! ही बी आपल्यासारखीच बिघडलेली हाय!" अक्का हसत बाहेर आल्या आणि त्या दिवसापासून माझं रविवारचं जेवण खाली ठरून गेलं.

तुमच्या हाताबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं. कॉफीचा पेला तुम्ही दोन्ही हातांनी धरायचात, ती मला तुमची लकब वाटली. मग एकदा शेडमध्ये डोकावले तर भिंतीकडे तोंड करून उभी केलेली एक सागवानी झडप दिसली. दुसऱ्याच्या घरातल्या वस्तू उलटून बघायची माझी खोड तुम्हाला माहीतच आहे. झडप उलटली. सगळी कोरी, गुळगुळीत, आणि खालच्या कोपऱ्यात एक खोल ओरखडा. पटाशी घसरल्याचा. तुम्ही माझ्या हातून ती काढून घेतलीत आणि परत भिंतीकडे फिरवलीत. "हात हलतोय गं," एवढंच म्हणालात.

पुढचं अक्कांनी सांगितलं. लग्न झाल्यावर तुम्ही त्यांना शब्द दिला होता, की देवघराला दोन झडपांचं दार करीन, मोरांच्या जोडीचं, स्वतः कोरून. सगळी नोकरी दुसऱ्यांचे साचे करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर अक्कांच्या माहेरचा सागवानी पलंग मोडून तुम्ही दोन झडपा जुळवल्यात, पहिल्या झडपेला पटाशी लावलीत, आणि हात थरथरायला लागला. दुसरं सागवान आणायची ऐपत नव्हती, आणि आणलं असतं तरी हात तोच. "रोज शेडमध्ये जातात," अक्का म्हणाल्या, "पटाश्यांना धार लावतात आणि ठेवून देतात." मला ते ऐकवेना. मी वर गेले आणि आमच्या आईला उगाचच फोन केला.

आणि मग तो रविवार! आमच्या ऑफिसात एक प्लॉटर होता, कागदावर पेन फिरवून मोठे नकाशे काढायचा. बिसिबेळे भात खाता खाता मी सहज म्हटलं, "अण्णा, त्या पेनाच्या जागी कटर लावला तर तो लाकूडसुद्धा कोरेल." तुमचा घास हातातच राहिला. "केवढं मोठं करता येईल?" मी म्हटलं, "केवढंही." हे मी निव्वळ अज्ञानातून बोलले होते. मला प्रोग्राम लिहिता येत होता, लोखंडातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण तुम्ही उष्ट्या हाताने उठलात, खडू घेतलात आणि अंगणात पुऱ्या झडपेच्या मापाची चौकट आखलीत. रेघ नागमोडी आली. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि आपण दोघं असे हसलो की अक्कांना वाटलं भाताला काहीतरी झालंय.

असं यंत्र विकत केवढ्याला मिळतं याची चौकशी तुम्ही एकदाच केलीत. आकडा ऐकून पाणी मागितलंत आणि त्यानंतर विकत हा शब्द आपल्या बोलण्यात आला नाही. आपलं सगळं गुजरीतून आलं. भंगाराच्या त्या बाजारात तुम्ही असे चालायचात, जसं कुणी लग्नात चालावं, ओळखी काढत, पाठी थोपटत. मोडीत निघालेल्या बसच्या सांगाड्याचे चौकोनी पाइप घेतलेत, त्याची चौकट झाली. एका दुकानामागे जुन्या रुंद प्रिंटरांचा ढीग होता. मी त्यातल्या एकाची मोटर हाताने फिरवून पाहिली, ती टकटक करत टप्प्याटप्प्याने फिरली, आणि मी भर बाजारात ओरडले, "अण्णा, हेच! हेच पाहिजे होतं!" तुम्ही माझं तोंड दाबायचंच बाकी ठेवलंत. भाव वाढला ना! परत येताना रिक्षात तुम्ही मला रागवत होतात आणि मोटरी मांडीवर घेऊन त्यांच्यावरून हात फिरवत होतात.

मग तो स्क्रू. यंत्राच्या लांबीएवढा आटे पाडलेला गज पाहिजे होता, तो फिरेल तसा कटर पुढे सरकणार. मला अचूक, घासून तयार केलेला हवा होता. तुम्ही हार्डवेअरच्या दुकानातला साधा गज घेऊन आलात. तो मोटरला लावला आणि मध्येच दोरीवरच्या उड्यांसारखा उडायला लागला. मी म्हटलं, "सांगितलं होतं." झालं, अबोला सुरू. आठवड्याने बघते तर तुम्ही गजाची दोन्ही टोकं बेअरिंगमध्ये धरून तो तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणून बसवलेला. उडणं बंद! तरी माझं होतंच, "दिशा बदलली की नट क्षणभर ढिला पडतो, तेवढी रेघ चुकते." तुम्ही एकाऐवजी दोन नट लावलेत आणि त्यांच्यामध्ये स्कूटरच्या क्लचची स्प्रिंग दाबून भरलीत. ढिलेपणा गेला. मग माझ्याकडे बघून म्हणालात, "आता काय म्हणणं हाय नागपूरचं?" नागपूरचं म्हणणं काहीच नव्हतं. नागपूर शेडमध्ये नाचत होतं.

अक्कांच्या मिक्सरची गोष्ट मी आल्यागेल्याला सांगते आहे, तुम्ही रागावू नका. कटर फिरवायला वेगवान मोटर पाहिजे होती, आणि घरात एकच होती. तुम्ही 'दोन दिवसांसाठी' म्हणून मिक्सर नेलात. अक्का वाट बघून बघून शेवटी दगडी रगड्यावर चटणी वाटायला बसल्या, ती मोठ्या आवाजात, शेडच्या दिशेला तोंड करून. "पलंग मोडला आणि पलंगाएवढं यंत्र केलं! आता चटणी बी तुमच्या यंत्रावरच करा!" मिक्सरच्या मोटरने पॅकिंगच्या खोक्याची एक फळी कशीबशी कोरली आणि धूर सोडून मान टाकली. मग तुम्ही तुमच्या जुन्या कारखान्यातल्या मित्राकडून सुतारकामाचा वापरलेला राउटर, म्हणजे लाकडात खाचा पाडायचं हातयंत्र, मिळवलात. अक्कांना नवा मिक्सर घ्यावा लागला, हा आपल्या यंत्राचा सगळ्यात महागडा भाग.

पण अण्णा, या सगळ्याच्या आधी यंत्र पहिल्यांदा हललं तो क्षण! ऑफिसाने मोडीत काढलेला कॉम्प्युटर मी तुमच्या कामाच्या टेबलावर मांडलेला, पटाश्यांच्या शेजारी. मी एक बटण दाबलं. मोटर गुरगुरली, आणि कटर धरणारा तो एवढा मोठा लोखंडी पूल, आपण दोघांनी घाम गाळून उचललेला, आपोआप वीतभर सरकला. आणि थांबला. जिथे थांबायला सांगितलं होतं तिथेच! तुम्ही "आयतु! आयतु!", झालं झालं, म्हणून ओरडलात. अक्का धावत आल्या, त्यांना वाटलं तुम्हाला करंट लागला. तुम्ही त्यांचा पिठाचा हात धरून त्यांना ओढत आणलंत, "बघ की, बघ की, चाललं!" आणि मला म्हणालात, "परत कर." मी परत केलं. "परत." संध्याकाळपर्यंत आपण काहीही न कोरता ते नुसतं पुढेमागे करत बसलो होतो. इतका निव्वळ आनंद मला नोकरीतल्या कुठल्याच कामाने दिलेला नाही.

चित्र यंत्राला द्यायचं कसं, हे मात्र तुम्हीच शोधलंत. रेघ तुम्हाला ओढता येत नव्हती. पण ठिपका ठेवता यायचा. चौकटीच्या कागदावर पेन्सिल धरून तुम्ही हात वर थांबवायचात, थरथर किंचित ओसरायची वाट बघायचात आणि त्या फटीत टोक टेकवून लगेच उचलायचात. "थरथर बी श्वास घेतेय," म्हणालात, "तेवढ्यात आपलं काम करून घ्यायचं." मी ठिपक्यांची मापं कॉम्प्युटरला द्यायची, यंत्र ते ठिपके जोडत जायचं. तुमची पहिली गुळगुळीत रेघ पॅकिंगच्या फळीवर उमटली तेव्हा तुम्ही तिच्यावरून बोट फिरवलंत, परत फिरवलंत आणि बाहेर जाऊन नारळाच्या झाडाखाली उभे राहिलात. मी मागे आले नाही. आपल्याला एकमेकांचं एवढं कळत होतं.

आणि आता गणपती. सागवानाला हात लावण्याआधी पहिलं खरं चित्र गणपतीचं, यावर आपलं तिघांचं एकमत होतं. दुसरं काही सुचलंच नसतं आपल्याला. घरच्या देव्हाऱ्यातला डाव्या सोंडेचा, तसाच तुम्ही ठिपक्यांनी काढलात. यंत्र सुरू झालं. भुशाचे ढीग साचत होते, आपण मोटरी तापतात का ते बघण्यात गुंग. संपल्यावर मी फुंकर मारली. अक्का कॉफी घेऊन आल्या, वाकून बघितलं, हात जोडले आणि जागीच थिजल्या.

"अय्यो देवा! उजव्या सोंडेचा!"

खरंच. सोंड उजवीकडे. आपण तोवर चौकोन, वर्तुळ आणि कमळ एवढंच कोरलं होतं, ही सगळी मंडळी दोन्हीकडून सारखीच, त्यामुळे यंत्र डावं-उजवं उलट करतंय हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"हा कडक असतोय," अक्का म्हणाल्या. "याला सोवळं लागतंय, रोजची पूजा लागतीय. तुम्ही दोघांनी काय करून ठेवलं हे?"

"आम्ही कुठं केलं? तोच वळला की."

"अण्णा, आडव्या मोटरच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्यात," मी म्हटलं.

"मी जोडल्या त्या सरळच जोडल्या. तुझ्या प्रोग्रामात उलटं असेल."

"माझ्या प्रोग्रामात काही उलटं नाही."

"मग देवाची इच्छा. त्यात तुझा प्रोग्राम काय करतोय?"

मी पक्कड घेऊन वायरी बदलायला निघाले तर तुम्ही आडवे आलात. त्याने एकदा आपली दिशा ठरवली, आता वायरी फिरवायच्या म्हणजे त्याला खोटं पाडायचं, असं तुमचं म्हणणं. चूक जिथे आहे तिथेच सुधारावी, हे माझं. शेवटी वायरी तशाच राहिल्या आणि मी प्रोग्रामात प्रत्येक आडव्या मापाआधी उणे चिन्ह टाकलं. यंत्र उलटं, माझं गणित त्याहून उलटं, म्हणून काम सुलटं. उजव्या सोंडेचा गणपती कॉम्प्युटरच्या वर भिंतीवर बसला आणि शेडचे नियम बदलले. चप्पल बाहेर. दिवा लागल्याशिवाय यंत्राला हात नाही. बेकरीतला माझा एग पफ फाटकाच्या आत यायला बंदी. मी म्हटलं, "काय बाप्पा हे, इंजिनिअरिंग की अनुष्ठान?" पण त्या गणपतीमुळे एक झालं. यंत्रावर नाराज असलेल्या अक्का रोज दिवा लावायला शेडमध्ये यायला लागल्या. दिवा लावून झाला तरी थांबायच्या. तुम्ही ठिपके ठेवताना तुमच्या खांद्यामागून बघत उभ्या राहायच्या.

डावी झडप आपण त्या थंडीत कोरली. तुम्ही आधी कॉफी घेऊन लाइनमनला गाठलंत, "आज करंट काढू नको रे अप्पा, सुरू असताना गेला की यंत्र आपली जागा विसरतंय." त्या भल्या माणसाने खरंच काढला नाही. कटर सागवानात उतरला तेव्हा तुम्ही श्वास रोखून धरलेला मला दिसत होता. मोर उमटला, मान ताठ, छाती पुढे, सरळ समोर बघणारा. मी म्हटलं, "अण्णा, हा तुमच्यावर गेलाय." अक्का म्हणाल्या, "असाच उभा राहतो फाटकात." हाताने पॉलिश लावताना तुम्ही गाणं म्हणत होतात. बेसूर, पण मी टोकलं नाही.

आणि मग मी ते बोलले. "उजवी झडप तर फुकट, अण्णा! उणे चिन्ह पुसते, आरशातला मोर तयार. ठिपके परत काढायलाच नकोत."

मला वाटलं तुम्ही टाळी द्याल. तुम्ही ब्रश खाली ठेवलात. "आरशाशी कुणी संसार केलाय का? जोडी म्हणजे दोघं पाहिजेत. हा एकटाच स्वतःला बघत बसणार. उजवीकडचा मोर वेगळा."

"सगळी दारं अशीच असतात."

"असू देत की. तुझी ऑफिसं बी सगळी एकसारखीच असतात."

किती रविवार आपण यावर भांडलो. अण्णा, आता सांगते. तुमच्या हाताची थरथर वाढत चालली होती. थरथरीतली ती फट लहान होत होती, डाव्या मोराचे शेवटचे ठिपके ठेवताना तुम्ही किती वेळ पेन्सिल धरून थांबायचात ते मी बघत होते. दुसरा मोर होणार नाही अशी मला भीती वाटत होती, आणि ते तोंडाने काढायचं नव्हतं, म्हणून मी आरशाचा हट्ट धरून बसले. तुम्हालाही ते कळलं असणार. तुम्हीही बोलला नाहीत.

भावाच्या लग्नाला नागपूरला निघाले तेव्हा तुम्ही फाटकापर्यंत आलात. "ये परत," म्हणालात, "मग बघू कोण जिंकतंय." मी परत आले तेव्हा अंगणात चपलाच चपला होत्या. तुम्ही खडूने चौकट आखली होतीत, तिथे.

नंतर पाहुण्यांचं सुरू झालं, या यंत्राचं काय करायचं. एकाने सुचवलं, भंगारात द्या, गाडी लावायला जागा होईल. अक्का इतके दिवस कुणाशी बोलत नव्हत्या, त्या म्हणाल्या, "दार अर्धं हाय. अर्धं दार टाकून कुणी जातंय का?" आणि बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो. मी त्यांचा हात धरला आणि आम्ही दोघी शेडमध्ये येऊन बसलो.

पाहुणे गेल्यावर एका सकाळी त्या दिवा लावायला आल्या आणि मला म्हणाल्या, "तू ते चिन्ह पुसणार होतीस ना? पूस की. दार तरी पुरं होईल."

मी कॉम्प्युटर लावला. बोट त्या बटणावर ठेवलं. एवढंच होतं, अण्णा, मी वाद जिंकले असते. पण समोर भांडायला कुणी नव्हतं, आणि असं जिंकायचं माझ्या जिवावर आलं. मी रडायला लागले. म्हटलं, "अक्का, त्यांना हे नको होतं. त्यांना वेगळा मोर हवा होता. तो काढायचाच राहिला."

अक्कांनी गणपतीकडे बघितलं. मग उठून घरात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात रांगोळीचा डबा होता.

"ठिपकेच पाहिजेत ना तुझ्या यंत्राला?"

लहानपणापासून रोज सकाळी दारात ठिपक्यांची रांगोळी काढणारी बाई आपल्या घरात होती, आणि आपण दोघं चौकटीच्या कागदावर डोकं फोडत होतो! भिंतीकडे तोंड करून ठेवलेली ती झडप आम्ही दोघींनी उचलली, उलटली आणि यंत्रावर आडवी केली. ओरखडा तसाच होता. अक्कांनी त्याच्यावरून बोट फिरवलं. पदर खोचला, मला पंखा बंद करायला सांगितलं, आणि वाकून ठिपके टाकायला सुरुवात केली. चिमटीतून पीठ सुटत होतं, आणि एकही ठिपका चुकत नव्हता. पिसारा झाला, पाठ झाली. मान मात्र त्यांनी वर नेली नाही. ती वळवून खाली आणली, खाली, अगदी त्या कोपऱ्यात, आणि चोचीचा शेवटचा ठिपका ओरखड्याच्या टोकाशी ठेवला.

"हा खाली काय करतोय?" मी विचारलं.

"दाणा टिपतोय. दोघं बी मान वर करून उभे राहिले तर घरातलं काम कोण करणार?"

अण्णा, मी हसले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा पोट धरून हसले, आणि अक्काही. मग आम्ही कामाला लागलो. एकेका ठिपक्यावर कटर नेऊन उभा करायचा आणि यंत्रालाच विचारायचं, तू आता कुठे आहेस. यंत्र आकडा सांगायचं, मी तो भरायची. अक्का मागून ओरडायच्या, "सावकाश गं, पिठाला धक्का नको." अगदी तुमच्याच आवाजात. लाइनमनला त्यांनी कॉफीबरोबर चकल्याही पाठवल्या, तुमच्यापेक्षा एक पाऊल पुढे. उणे चिन्ह मी होतं तिथेच ठेवलं.

कटर सागवानात उतरला. सागाचा वास सुटला, भुसा उडायला लागला, आणि लाकडातून अक्कांचा मोर वर येत गेला. मी "आयतु!" म्हणून ओरडले. कानडी माझी अजून धड नाही, पण हा शब्द मी तुमच्याकडून घेतलाय. तुमचा ओरखडा आता ओरखडा राहिला नाही, मोराच्या चोचीपुढचा दाणा झालाय. तुम्ही तो इतकी वर्षं भिंतीकडे फिरवून ठेवलात, आणि तोच आता दारात सगळ्यांना दिसणार आहे.

काल गल्लीतल्या सुताराने दोन्ही झडपा देवघराला बसवल्या. अक्कांनी आत समई लावली, बाहेर आल्या आणि दोन्ही हातांनी दार लावून घेतलं. तुमचा मोर ताठ मानेने समोर बघत उभा आहे. त्यांचा मोर मान वळवून आपल्या कामात आहे, आणि तरी त्याचं सगळं लक्ष शेजाऱ्याकडे आहे. आरशात असं कधीच आलं नसतं. अक्का मला म्हणाल्या, "सरी. दार आलं घरात."

तर जोडीचा वाद तुम्ही जिंकलात, अण्णा. मी इथे, तुमच्या शेडमध्ये, उजव्या सोंडेच्या साक्षीने कबूल करते. यंत्र इथेच राहणार आहे, अक्कांच्या डोक्यात आता शेजारणीच्या देवघराचं दार घोळतंय. पण वायरी तुम्हीच उलट्या जोडल्या होत्या. ते मी सोडणार नाही. या एकदा, आणि भांडा.